ताटली कुणी दिली

४ मे

प्रिय वहिनी,

पडदे आजच पार्सलने टाकले. मोठ्या खोलीचे दोन आणि स्वयंपाकघराचा एक. मापं दादाने फोनवर सांगितली तीच धरली आहेत, पण दादाच्या मापांवर माझा लहानपणापासून विश्वास नाही. तो वितीने मोजतो आणि वर स्वतःच्या मनाची चार बोटं वाढवतो. म्हणून खाली दुमड भरपूर ठेवली आहे. लांडे झाले तर उसवून सोड.

मी फोन का उचलत नाही असं तू विचारलंस. दुकानात मशीन चालू असतं, घंटी ऐकू येत नाही. शाळा उघडायच्या आधीचे दिवस आहेत, गणवेशांचा ढीग पडला आहे, हातात काम घेतलं की दुसरं काही सुचत नाही. एवढी कारणं पुरेत ना?

इकडचं सगळं ठीक. चर्चमध्ये दादाच्या जागी नवे पाळक आले. पोरसवदा आहेत, लग्न व्हायचंय. उपदेश कागदावर लिहून आणतात आणि पान उलटताना दोन पानं एकदम उलटतात, मग चाचपडत मागे येतात. दादा बोलायचा तेव्हा मंडळी डोळे मिटून ऐकायची. आता सगळे डोळे टक्क उघडे ठेवून बसतात, पाळक पुढे कुठे निघतील या काळजीने. पण माणूस सरळ वाटतो. तुझी खुर्ची रिकामी असते. तिच्यावर लोक छत्र्या ठेवतात.

मुलांची खोली तयार झाली. खोली म्हणजे बाजूची कोठी, मोडक्या खुर्च्या असायच्या ती. मधल्या भिंतीत मोठी काच बसवली आहे. आतून मुलांना उपासना दिसते, ऐकू येत नाही. आपल्याला मुलं दिसतात, ऐकू येत नाहीत. कार्यकारिणीचे चिटणीस म्हणाले, दोघांचीही सोय झाली. मी काचेकडे पाठ येईल अशा बाकावर बसते. कार्यकारिणीने मला मुलांच्या कामातून विश्रांती दिली तो ठराव दादानेच वाचून दाखवला होता, तेव्हा तुला वेगळं सांगायला नको. विश्रांती चालू आहे.

चिमणी मात्र अजून येत नाही. तिचे आजोबा, आपले सुतारकाका, एकटेच येतात. विचारलं तर म्हणाले, "पोट दुखतं म्हणते. रविवारीच दुखतं. सोमवारी दगड दिला तरी पचवेल."

मी हसले. मग बसल्या बसल्या हसायला नको होतं असं वाटलं.

दादाला नमस्कार. पडदे धुताना कोमट पाण्यात घाल, रंग जाईल नाहीतर.

तुझी,
बेबी


२६ मे

वहिनी,

तुझं पत्र पोचलं. पडदे छान बसले हे वाचून बरं वाटलं. तिथेच पत्र संपवलं असतंस तर फार बरं झालं असतं. पण खाली तू लिहिलंस, "झालं गेलं विसरून जा बेबी, आता सगळं मागे पडलं."

मागे पडलं ते तुझ्या. तू इथून निघालीस. मी कुठे गेले?

तरी तू म्हणतेस तर विसरू. पण आधी काय काय विसरायचं ते एकदा बघून घेऊ, म्हणजे चुकून काही राहायला नको.

पायऱ्या विसरायच्या. मूल जरा कुरकुरलं की आईने त्याला उचलून बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसायचं, ही आपल्याकडची रीत. एकदा तू बाहेर डोकावून आलीस आणि माझ्या कानात म्हणालीस, "बेबी, या पायऱ्यांवर एक आख्खी मंडळी बसलीय गं." तिथून सगळं सुरू झालं. ते वाक्य तुझं होतं. मी ते कुठेही माझं म्हणून सांगितलेलं नाही.

तुझं स्वयंपाकघर विसरायचं. वेदीसमोरचे दोन बाक काढून तिथे मुलांसाठी जाड कापडाची बैठक घालायची, दाराशी खुंट्या ठोकायच्या, खुंटीला पिशव्या अडकवायच्या, मुलाने आत येताना आपली पिशवी घ्यायची आणि जाताना परत लावायची, इथपर्यंत आपलं एकमत होतं. पिशवीत काय घालायचं यावर मात्र आपण भांडलो. मग तूच युक्ती काढलीस. प्रत्येक वस्तू टेबलावरून फरशीवर टाकायची, आवाज झाला की बाद. लाकडी गाडी बाद. मणी बाद. दादा आतून ओरडला, "घर पाडताय का दोघी?" कापडाची मेंढरं पास झाली. लोकरीचे गोंडे पास झाले. शेवटी तू दादाच्या उपदेशांचं पुडकं उचललंस, धप्पकन टाकलंस आणि म्हणालीस, "हे तर पहिलं बाद." दादा दारात उभा होता. तोही हसला. आपण तिघं इतके हसलो की तुला बसायला खुर्ची सापडेना.

पहिला रविवार विसरायचा. मला वाटलं होतं पाच-सहा मुलं येतील. बैठक पुरेना. दादा उपदेशात जोरात म्हणाला, "आज आपल्यापैकी कोण हरवलेलं आहे?" आणि चिमणी उठून म्हणाली, "माझी चप्पल!" सगळी मंडळी हसली. चिटणीससुद्धा हसले, पण ते त्यांनी खोकल्यात घातलं. प्रार्थना संपल्यावर सगळ्यांचं आमेन म्हणून झालं की मागाहून एक बारीक आमेन यायचं. ते कुठल्या पोराचं, हे मी शेवटपर्यंत शोधत होते. तान्ही बाळं आशीर्वादाच्या वेळी जांभया द्यायची. वहिनी, मी एकटी राहणारी बाई. माझ्या घरी सांडणारं, तोडणारं कुणी नाही. त्या रविवारांनंतर मी घरी जायची तेव्हा माझ्या कपड्यांवर कुणाच्या तरी नाकाचे, कुणाच्या खडूचे डाग असायचे आणि मी ते लगेच धुवायची नाही.

आता तो रविवार. तोही विसरायचा ना?

प्रभुभोजनाची ताटली मागून वेदीपर्यंत न्यायचं काम थोरल्या मुलांचं. मोठं होऊन, दृढीकरण होऊन, ज्यांना ती भाकर घेता येते त्यांनीच ताटली धरायची, असं कार्यकारिणीने आपल्या दोघींना बजावलं होतं. त्या दिवशी ताटलीवाला मुलगा आला नव्हता. चिमणी तुझा हात ओढत होती, "मी नेते ना, मी नेते ना." तू खाली वाकलीस. ताटली तिच्या हातात दिलीस. तिच्या केसांवरून हात फिरवून म्हणालीस, "सांभाळून हं, राणी." मी दोन पावलांवर पिशव्या नीट लावत होते. मी पाहिलं. आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला तू मला फार म्हणजे फार आवडलीस.

पुढचं सगळ्यांनीच पाहिलं. ती चालत निघाली, बैठकीपाशी आली, तिथे तिला आपली माणसं दिसली. ती थांबली आणि वाटायला लागली. दादा जसा दोन्ही हातांनी पुढे करतो तसं करून. "तुझ्यासाठी." मग पुढच्याला, "तुझ्यासाठी." सगळ्यांत धाकट्याला दात नव्हते. त्याचा तुकडा तिने आधी आपल्या तोंडात मऊ केला. मग वेदीपाशी जाऊन ताटली दादाच्या हातात दिली आणि म्हणाली, "आता मोठ्यांची पाळी."

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग चिटणीस उठून उभे राहिले, आणि ते पाणी कुठे गेलं कुणास ठाऊक.

कार्यकारिणीच्या बैठकीत चिटणीसांनी एकच प्रश्न विचारला, "ताटली त्या मुलीच्या हातात कुणी दिली?" मी तुझ्याकडे पाहिलं. तू पर्सची चेन उघडलीस. बंद केलीस. मी गप्प बसले, कारण बोलायचं तुझं होतं. मग दादा बोलला. म्हणाला, "माझ्या बहिणीचा हेतू वाईट नव्हता."

मला वाचवायला म्हणून बोललेल्या त्या एका वाक्याने मी गुन्हेगार ठरले. त्यानंतर तोंड उघडणं म्हणजे भावाच्या देखत भावजयीवर ढकलणं. बिचारा दादा. त्याला खरंच वाटलं असेल की मीच दिली. त्याला मी दोष देत नाही.

तर एवढं सगळं विसरायचं आहे. जरा वेळ दे.

बेबी


१७ जून

सौ. वहिनींस,

सप्रेम नमस्कार. आपलं पत्र आणि सोबतचं मासिक मिळालं. फोटो स्वच्छ आला आहे. तिकडचं चर्च मोठं आणि उजेडाचं दिसतं. वेदीसमोर मुलांची बैठक आहे, मध्ये आपण बसला आहात, मांडीवर कुणाचं तरी गुटगुटीत मूल आहे. खाली छापलं आहे, "नव्या पाळकबाईंची अभिनव कल्पना." आपण कळवता की तिकडच्या मुलांसाठी पिशव्या हव्या आहेत, पूर्वीसारख्याच, मेंढरांसकट, आणि आपल्या बेबीइतक्या त्या कुणालाच जमणार नाहीत.

नाही गं वहिनी. मला हे आपण-आपण जमत नाही. चार ओळींतच घाम फुटला.

तू हे मला कसं मागू शकतेस? मी दिवसभर तोच विचार करते आहे. मला राग यायला हवा आणि तो येतोही, पण त्याच्या आधी मला नवल वाटतं. पत्र लिहिताना तुझा हात एकदाही थांबला नाही? "मेंढरांसकट" हा शब्द लिहिताना?

तिकडे मुलं वेदीपाशी आणि इकडे काचेमागे. देव तोच, गाणी तीच, पोरंही सारखीच शेंबडी. तिकडे तू त्यांच्यासाठी बोललीस म्हणून ती पुढे आहेत. इकडे तू गप्प बसलीस.

मासिकात माझं नाव नाही याचं मला काही नाही, असं लिहिणार होते. आहे. मला फार आहे. मासिक आल्यापासून मी ते कपाटात कापडांखाली ठेवलं आहे आणि कापड काढायच्या निमित्ताने सारखी बघते.

गेल्या रविवारी गाणं चालू असताना मी मान वळवली. वळवायची नाही असं ठरवलेलं असतं, पण वळली. सगळी पोरं काचेला नाकं लावून उभी होती. चिटणीसांची सून त्यांना सांभाळायला असते, ती कोपऱ्यात खडूंचा डबा घेऊन बसली होती. आणि पोरं आमच्या तोंडांकडे बघून तोंडं हलवत होती. गाणं त्यांना ऐकूच जात नव्हतं गं. नुसती तोंडं. मी गायचं थांबवलं, तर समोरच्या एका पोरानेही तोंड मिटलं.

मी पुन्हा सुरू केलं. त्याच्यासाठी.

पिशव्यांचं नंतर कळवते.

बेबी


४ जुलै

वहिनी,

हे पत्र दादाच्या देखत वाचू नकोस.

काल सुतारकाकांनी चिमणीला गणवेशाच्या मापासाठी दुकानात आणलं. तिची आई दवाखान्यात कामाच्या पाळीवर होती. काकांना मी चहा आणायला पाठवलं आणि चिमणीला स्टुलावर उभं केलं. ती मुलगी एरवी एका जागी उभी राहायची नाही. काल राहिली. मी खाली बसून टाचण्या लावत होते, तर वरून आवाज आला, "बेबीमावशी, चोर म्हणजे काय?"

मी म्हटलं, "दुसऱ्याचं न विचारता घेतो तो."

"आणि विचारून घेतलं तर?"

"तर चोर नाही."

"आणि दुसऱ्यानेच दिलं तर?"

मी टाचणी हातातच धरली. "कुणी काय दिलं तुला?"

"ते सांगायचं नाहीये. ती गंमत आहे."

"कुणाची?"

"माझी आणि पाळकबाईंची. त्या म्हणाल्या, कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही, नाहीतर पाळकसाहेबांना इथून घालवून देतील. मी नाही सांगितलं. आईला पण नाही. झोपेत पण नाही."

"शहाणी," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

"तरी घालवलंच ना त्यांना," ती म्हणाली.

वहिनी, ती पाच वर्षांची आहे. तिला वाटतं, आपण भाकर खाल्ली आणि वाटली म्हणून पाळकसाहेबांना हाकलून दिलं. तिला वाटतं, काचेची खोली तिच्यामुळे झाली. म्हणून रविवारी पोट दुखतं. मी तिला म्हटलं, "अगं, पाळकसाहेब मोठ्या चर्चमध्ये गेलेत, त्यांना कुणी घालवलं नाही." ती म्हणाली, "तुला माहीत नाही. तुला त्यांनी सांगितलं नव्हतं." आणि खरंच आहे. मला तू काहीच सांगितलं नव्हतंस.

बैठकीत तू गप्प बसलीस ते मला लागलं. पण मी मोठी बाई आहे, लागलेलं घेऊन शिवणकाम करता येतं. त्या पोरीला तू काय दिलंस? तिला बोलायचीही सोय ठेवली नाहीस. मी कितीही समजावलं तरी उपयोग नाही, कारण तिच्या दृष्टीने मी गमतीच्या बाहेरची. ते तुझं तुलाच सोडवावं लागेल.

एकच मागते. येत्या रविवारी सकाळी, उपासनेआधी, सुतारकाकांच्या घरी फोन कर. चिमणीशी बोल. ताटली तू दिलीस, तिने काही चोरलं नाही, तुम्ही तिच्यामुळे गेला नाहीत, आणि आता तिने कुणालाही सांगितलं तरी चालेल, एवढं तुझ्या तोंडाने सांग. माझ्यासाठी काही करू नकोस. कार्यकारिणीला काही लिहू नकोस. फक्त तिला सांग.

पिशव्यांचा नमुना कागदावर कापून सोबत ठेवला आहे. शिवून पाठवणार नाही. तिकडे शिवणारी कुणीतरी असेल. मेंढरांचे कान दुहेरी कापडाचे करायला सांग, मुलं कान चोखतात.

बेबी


२१ जुलै

वहिनी,

रविवारी मी सुतारकाकांकडे जाऊन बसले होते. फोन आला नाही. पुढच्याही रविवारी गेले. काकांना वाटलं असेल, बाई चहाला सोकावली.

फोनऐवजी तुझं पत्र आलं. ते मी दुकान बंद करून वाचलं. पुन्हा वाचलं. तू लिहितेस:

"बेबी, तू मला काय समजायचं ते समज, पण एक ऐक. त्याच दिवशी घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं होतं. बैठकीत मी बोलणार होते. हेच म्हणाले, बदलीचं ठरायचंय, पाळकाच्या घरातूनच चूक झाली असं निघालं तर सगळं फिसकटेल. म्हणाले, बेबीचं नाव आलं तर काय बिघडतं, बेबी आपलीच आहे, ती समजून घेईल."

म्हणजे दादाला माहीत होतं. सगळ्यांसमोर उभा राहून "माझ्या बहिणीचा हेतू वाईट नव्हता" म्हणाला तेव्हा त्याला माहीत होतं. मे महिन्यातल्या पत्रात मी त्याला बिचारा म्हटलं होतं. ते पत्र परत पाठव, मला तो शब्द खोडायचा आहे.

मी रडले नाही. गणवेशाच्या बाह्या उलट्या लावल्या, ओळीने, सगळ्यांच्या. मग उसवत बसले.

बेबी आपलीच आहे. किती प्रेमाने म्हणाला असेल. तो आवाज माझ्या कानात आहे, आई गेल्यावर "बेबीचं मी बघेन" म्हणाला होता तोच. परक्या माणसाचं नाव घ्यायचं असतं तर त्याने दहादा विचार केला असता. त्या माणसाला काय वाटेल, तो काय म्हणेल. आपल्या माणसाचं तसं नसतं. त्याला न विचारता घेता येतं. चिमणीला विचारायला हवं, याला काय म्हणतात.

आणि चिमणीबद्दल तू एवढंच लिहिलंस, "लहान आहे, विसरून जाईल." परवा शाळेत तिच्या बाईंनी बिस्किटांची ताटली तिच्या हातात दिली, वर्गात वाटायला. तिने हात मागे घेतले आणि भिंतीला जाऊन चिकटली. बाईंनी तिच्या आईला बोलावून विचारलं, घरी हिला कुणी मारतं का. तिची आई माझ्याकडे येऊन रडली. मी तिच्यासमोर बसून राहिले आणि काही बोलले नाही, कारण चिमणीने तोंड मिटलं आहे ते तू उघडण्याआधी मी परस्पर उघडलं, तर उद्या ती म्हणेल, बेबीमावशीने चुगली केली. बघ, आता तुझ्या गुपितात मीही आले. घर पुरतं भरलं.

मी धमकी देत नाही. मी चिटणीसांकडे जाणार नाही. दादाने माझ्याकडून जे घेतलं ते त्याच्याकडे राहू दे, त्याचं पुढे काय करायचं ते त्याने आणि देवाने बघावं. तू मासिकातल्या फोटोत ज्या बाळाला मांडीवर घेतलं आहेस ना, तेही उद्या चालायला लागेल, काहीतरी हातात घेईल, वाटून टाकेल. तेव्हा कुणाचं नाव सांगाल? मी तर तिकडे नाही.

रविवारी सकाळी मी पुन्हा जाणार आहे.

बेबी


३१ जुलै

वहिनी,

फोन केलास. काल.

तुला पुढचं कळायला हवं, म्हणून लिहिते.

फोन झाल्यावर चिमणी म्हणाली, "आजोबा, चप्पल." आई अजून केस विंचरत होती तर म्हणाली, "राहू दे, उशीर होईल." आम्ही चौघं निघालो. चर्चच्या दारात चिटणीस गाण्यांची पुस्तकं देत उभे होते. तिने आजोबांचं बोट सोडलं आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "ताटली मला पाळकबाईंनी दिली होती. मी घेतली नव्हती."

आजूबाजूची माणसं थांबली. चिटणीसांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी कडक बोलतील, त्यांना दुसरं येतं कुठे. त्यांनी पुस्तकांचा गठ्ठा काकांच्या हातात दिला, गुडघ्याला हात लावून हळूहळू खाली बसले, तिच्या उंचीला आले.

"मग तू काय केलंस?"

"वाटली."

"मला नाही दिलीस."

"तुमची पाळी नंतर होती," ती म्हणाली. "मी ठेवली होती मोठ्यांना."

चिटणीसांनी या वेळी हसू खोकल्यात घातलं नाही. मग त्यांना उठवायला दोघं लागले.

चिमणी कोठीकडे वळली नाही. बैठक होती त्या जागेवर, उघड्या फरशीवर जाऊन बसली. तिला कुणी उठवलं नाही. पाळकांनी दोन पानं एकदम उलटली तेव्हा ती "आं?" म्हणाली, मोठ्याने, आणि ते म्हणाले, "चुकलो," आणि मागे आले. काचेमागची पोरं तिच्याकडे बघत होती. एकाने बोट दाखवून चिटणीसांच्या सुनेला काहीतरी विचारलं. तिने काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही, अर्थातच. पण ती खडूंचा डबा घेऊन बसली होती ती उभी राहिली आणि बराच वेळ उभीच होती.

उपासना सुटल्यावर चिटणीसांनी मला गाठलं. "तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

मी म्हटलं, "भाऊ-भावजय आहेत माझे."

"म्हणूनच विचारतोय," ते म्हणाले. आणि मग, "पुढच्या बैठकीत काच घेऊ विषयात." काढू म्हणाले नाहीत. घेऊ म्हणाले. माझ्या विश्रांतीबद्दल काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. तरी घरी येताना मला रस्त्यात हसू येत होतं. चिमणी समोरून उड्या मारत चालली होती आणि तिच्या आईला सांगत होती, झोपेतसुद्धा तिने कसं कुणाला सांगितलं नाही ते.

तिला तू मोकळं केलंस. त्याबद्दल मनापासून आभार. हे मी उगीच लिहीत नाही.

आता फोनचं. तुझं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, तिचंच येत होतं. "हो." "हो." "मग पाळकसाहेब रडले नाहीत?" "चिटणीसांना पण सांगू?" मी शेजारच्या खुर्चीत बसले होते, हात मांडीवर ठेवून. शेवटी तिने विचारलं, "बेबीमावशी इथेच आहे, तिला देऊ?" आणि फोन कानाला तसाच धरून थोडी थांबली. मग माझ्यापुढे केला.

मी कानाला लावला तेव्हा तिकडे कुणी नव्हतं. लाइन तुटली असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि चिमणीने चप्पल घालेपर्यंत फोन परत वाजायची वाट पाहिली. नंतर रस्त्यात मी चिमणीला सहज विचारावं तसं विचारलं, "मला देऊ का म्हणालीस, तेव्हा पाळकबाई काय म्हणाल्या गं?"

तिने नीट आठवून पाहिलं. म्हणाली, "काहीच नाही म्हणाल्या. श्वास घेत होत्या. मग ठेवला."

तिला आता कुणाचं काही लपवायचं नाही, वहिनी.

बेबी